एका तारखेची बाग

नवं ॲप फोनात उतरलं की मला भूक लागत नाही. साताऱ्यात एका क्लासच्या ऑफिसात कामाला होते, तेव्हापासूनचं हे वेड. कामांची यादी करणारी, वेळेवर आठवण देणारी, सगळा दिवस रंगीत चौकटीत बसवणारी जेवढी म्हणून ॲपं दिसतील तेवढी मी घेऊन बघायची. मैत्रिणी साडीच्या दुकानात रमायच्या, मी ह्यात. एकाच वेळी दोन ॲपांत तीच कामं भरायची आणि आठवडाभर दोघांची कुस्ती लावायची. ऑफिसातले साहेब म्हणायचे, तुम्ही कामं करता कमी आणि मांडता जास्त. त्यांचं खोटं नव्हतं, पण मला फरक पडला नाही.

लग्न होऊन तासगावला आले ते द्राक्षबागेत. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा रजेवर येणारा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. मामांचं डोकं म्हणजे चालतीबोलती बाग. वरचा प्लॉट, खालचा प्लॉट, कुठल्या ओळीत पाणी कमी पोचतं, कुठल्या वेलीला भुरीची बुरशी आधी लागते, सगळं तोंडपाठ.

द्राक्षवाल्यांची कालगणना जगापेक्षा निराळी, हे मला इथं आल्यावर कळलं. इथं तारीख कोणी विचारत नाही. "कितवा दिवस?" असं विचारतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे फळछाटणी होते, त्या दिवसापासून बागेचे दिवस मोजायला लागायचे. फुटवे कधी काढायचे, औषध कधी मारायचं, घड कधी बुडवायचे, सगळं त्या दिवसावरून. लग्नाच्या मांडवात दोन बागायतदार भेटले तरी आधी एकमेकांच्या बागेचा दिवस विचारतात, मग तब्येत. पहिल्या वर्षी मला ह्याचं फार हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी खालच्या प्लॉटात छाटणी चालू असताना मामांच्या छातीत कळ आली आणि ते बागेतच खाली बसले. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून सांगलीला नेलं. मोठं ऑपरेशन झालं. घरी सोडल्यावर नणंदेनं त्यांना सांगलीतच आपल्याकडे ठेवून घेतलं, कारण तपासणीला दवाखाना जवळ. डॉक्टर म्हणाले, "काळजाचं काम आम्ही केलं. आता चालणं, खाणं आणि हुरूप, हे त्यांचं त्यांनी आणायचं."

मामांनी त्यातलं काहीच आणलं नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताटातलं अर्धं तसंच. दारापर्यंत चला म्हटलं की डोळे मिटायचे. बागेचा विषय काढला की एकच वाक्य, "इकून टाका." ज्या माणसानं मला वेलीच्या फांदीला हात कसा लावायचा हे लहान मुलीला शिकवावं तसं शिकवलं, त्याच्या तोंडून ते ऐकलं की मी ताट उचलून स्वयंपाकघरात निघून जायची.

नवऱ्यानं फोनवर सरळ सांगितलं. "मार्चला रजेवर येतो. तोवर बाबा हेच म्हणत असतील, तर देऊन टाकू. मी इथं, तू एकटी. करायची कुणी?" गिऱ्हाईकही तयार होतं. एकदा येऊन बांधावरून बघूनही गेलं. जाताना ते गृहस्थ विहिरीचं कौतुक करत होते आणि मला त्यांना विहिरीतच ढकलावंसं वाटत होतं.

मी ठरवलं, हा हंगाम मी काढणार. बाग उभी दिसली तर मामा निदान उठून बघायला तरी येतील. आणि मामांचं डोकं सांगलीत भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर मला दुसरं डोकं लागणार होतं. ते मी कुठं शोधणार, हे सांगायलाच नको.

पहिलं ॲप अगदी साधं घेतलं. काम लिहा, झालं की टिचकी मारा. टिचकी मारली की गोड टिंग वाजायचं आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडायचा. मी तर पहिल्या दिवशी "चहा पिणे" हेसुद्धा लिहून टिचकी मारली. पण त्याला "रोज" कळायचं, "दर सोमवारी" कळायचं, "छाटणीनंतर अमुक दिवसांनी" म्हटलं की ते गप्प. त्यात एकदा फवारणीचं औषध संपलं, काम राहून गेलं, आणि ह्या बाबानं मला रागावलेल्या घुबडाचं चित्र दाखवलं. त्याच दिवशी त्याला निरोप दिला.

दुसरं फळ्याचं. करायचं, चालू, झालं असे तीन रकाने, आणि कामाची पत्ती बोटानं ह्या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायची. दिसायला इतकं देखणं की मी स्वयंपाकघरात उभ्यानं रात्रीची भाजी करपवली. टोळीच्या मुकादमबाई, म्हणजे बागेत कामाला येणाऱ्या बायकांच्या म्होरक्या, त्यांनाही ते आवडलं. "आवं, ह्यो हिरवा रंग माज्या लुगड्याचा हाय," म्हणाल्या. पण बागेत हात औषधानं चिकट. बोट लावलं की पत्ती भलत्याच रकान्यात जाऊन बसायची. त्यातून वेलींच्या मांडवाखाली रेंज येते-जाते. एकदा न केलेली फुटव्यांची विरळणी "झालं"मध्ये जाऊन पडली आणि मी दोन दिवस निर्धास्त.

मग सापडलं तिसरं! त्यात सुरुवातीचा एक दिवस द्यायचा आणि पुढचं प्रत्येक काम त्या दिवसापासून किती अंतरावर ते सांगायचं. तारखा ते आपण होऊन काढतं. मी अंगणातच ओरडले. ज्यांनी ते बनवलं त्यांनी आयुष्यात द्राक्षाचा वेल बघितला नसेल, पण त्यांना आमचं गणित कळलं होतं! वरच्या प्लॉटचा छाटणीचा दिवस टाकला, खालच्या प्लॉटचा टाकला, शेजारच्या जाणत्या बागायतदारांना विचारून कामं भरली आणि बटण दाबलं. सगळा हंगाम पडद्यावर खळकन् येऊन पडला. पार तोडणीपर्यंत! आनंदानं मी मुकादमबाईंना मिठी मारली, त्या बिचाऱ्या घाबरल्या.

नणंदेलाही त्यात घेतलं. ती ह्याच बागेत वाढलेली, म्हणाली, मलाही आठवण येऊ दे, मी फोन करून तुला टोकत जाईन. मामांना मात्र ह्यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. डॉक्टरांनी ताण नको म्हणून बजावलं होतं. आणि ॲप माझं इतकं बिनचूक चाललं होतं की सांगण्यासारखं काही नव्हतंच. फुटवे काढले, फवारण्या झाल्या, वरच्या प्लॉटातले घडही वेळेवर बुडवून झाले. मी सांगलीला जाऊन मामांपाशी बसायची, सांगायला जीभ वळवळायची, आणि ते भिंतीकडे बघत पडलेले असायचे.

मग खालच्या प्लॉटच्या घडांची पाळी आली. मणी बाजरीएवढे झाले की प्रत्येक घड मगातल्या औषधात बुडवून काढायचा, त्यानं मणी फुगतो. ह्याला आमच्याकडे डीप म्हणतात. तो वेळेवर झाला तर बाग हसते. पण घड फुलात असतानाच बुडवला तर मणी गळून जातात आणि हातात नुसती काडी राहते.

सकाळी टोळी आली. विहिरीच्या बाजूनं सुरुवात केली. बायका औषधाचे मग घेऊन ओळीनं पुढे सरकत होत्या, मी मागं औषधाच्या बादल्या पुरवत होते. इतक्यात फोन वाजला. नणंदेचा नंबर. उचलला तर पलीकडून मामांचा आवाज. किती दिवसांनी तो आवाज एवढा मोठा ऐकला!

"कुठवर आलाय?"

मला वाटलं तब्येतीचं काही आहे. "मामा, तुम्ही बरं आहात ना?"

"माजं ऱ्हाऊ दे! डीप कुठवर आलाय त्ये सांग आदी!"

झालं असं होतं, की नणंद पोळ्या लाटत होती आणि फोन मामांच्या उशाशी ठेवला होता. ॲपनं तिलाही आठवण दिली. खालचा प्लॉट, पूर्ण, डीप, आज. टिंग वाजलं, मामांनी सहज मान वळवून वाचलं, आणि उठून बसले.

मी म्हटलं, "निम्म्याला येत आलोय. विजेचा डांब दिसतोय पुढं."

"थांबीव! समद्यास्नी थांबीव! डांबाच्या फुडं एक घड भिजवाय न्हाई पायजे!"

मी बादली टाकून पळाले. बागेत मांडवाखालून पळायचं म्हणजे वाकून पळायचं, पदर तारेला, केस वेलीला. "थांबा, थांबा" म्हणत पोचले तेव्हा सगळ्यांत पुढची बाई डांबाच्या ओळीतच होती.

"का गं?" मुकादमबाई.

मी पुढच्या ओळीत शिरले आणि घड हातात धरला. त्याच्यावर अजून फुलं होती. बारीक, पिवळसर, नुसत्या फुंकरीनं गळतील अशी. त्याच्या पुढच्या ओळीत तेच. त्याच्याही पुढं तेच.

फोन कानालाच होता. मामा बोलत होते. "डांबाच्या वळीला मी बसलो. तितवर त्या दिवशीची छाटणी. फुडचं मग आठवड्यानं छाटलंय, टोळी दुसरीकडं गेल्ती म्हणून, शेजारी दवाखान्यात सांगत व्हते. सगळी बाग एका तारखंची केलीस व्हय गं? तुज्या फोनाला डोळं हायत का न्हाईत?"

बरोबर होतं. मी त्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर होते. खालचा प्लॉट म्हणून एकच दिवस भरला, छाटणी सुरू झाल्याचा. ॲपनं बिचाऱ्यानं सांगितलं तेवढंच मोजलं. मी मुकादमबाईंना म्हटलं, तुमच्या तरी लक्षात यायचं. त्या म्हणाल्या, "आमी फुडं फुलं बघितली व्हती. पर म्हणलं, तुमच्या फोनात आलंय म्हंजी काय तरी नवीन आसंल."

मामांचा तोंडाचा पट्टा चालूच होता. माझ्या शिक्षणाचा उद्धार झाला, साताऱ्याचा झाला, नवऱ्याचाही झाला की असली बायको केली आणि स्वतः बर्फात जाऊन बसला. आणि मी मांडवाखाली उभी राहून हसत होते. इतका आनंद मला कोणाच्या कौतुकानंसुद्धा झाला नव्हता. माणूस बोलत होता! चिडत होता! मागून नणंद घाबरून म्हणत होती, "बाबा, बास, दम लागंल." त्यावर मामा तिच्यावर खेकसले, "दम कशाचा लागतोय? भाकरी हाय का घरात? पोळी नगं मला." नणंदेनं फोन घेतला तेव्हा ती रडत होती. तिकडं ती रडतीये, इकडं मी हसतीये, आणि मधे बायका मग हातात धरून आमचा तमाशा बघतायत.

त्या दुपारी मी खालच्या प्लॉटचे ॲपात दोन भाग केले. डांबाच्या अलीकडचा आणि पलीकडचा. आणि नणंदेच्या जुन्या फोनात ॲप घालून मामांनाही आत घेतलं.

मग मात्र मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. मामांनी आठवड्यात ॲप ताब्यात घेतलं. रोज सकाळी फोटो मागायचे. घडाचा, पानाच्या पाठीचा, मातीचा. एका बोटानं टाइप करून मला कामं लावायचे. "भुरी बघ." "पानी कमी कर." "डांबाकड परत जा." मी टिचकी मारली की लगेच खाली त्यांचा शेरा, "फोटू?" मी पण कमी नाही. मीही त्यांना कामं लावली. "सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालणे." पहिल्या दिवशी त्यांनी न चालताच टिचकी मारली. मी खाली लिहिलं, "फोटू?" दुसऱ्या दिवशी घाटाचा फोटो आला. वाकडा, अर्धा त्यांच्या बोटाचा, पण घाटाचाच.

जानेवारीत डॉक्टरांनी तासगावला जायला परवानगी दिली आणि मामा घरी आले. पण बाग विकायचं काय, ह्यावर मामा अवाक्षर काढत नव्हते, आणि विचारायची माझी छाती होत नव्हती. चिडणं वेगळं, फोटो मागणं वेगळं. ह्या हंगामापुरतं मन लागलं असेल, पुढचं कोण सांगणार? मार्च आला, नवरा रजेवर आला. गिऱ्हाईकाचा निरोप आला होता, उद्या येतो, शेवटचं बोलून टाकू.

त्या सकाळी खालच्या प्लॉटात तोडणी होती. डांबाच्या पलीकडचा माल. मी क्रेट भरत होते, मणी टच्च फुगलेले. मामा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फोनात डोकं घालून बसले होते. नवरा त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. आता विचारणार हे मला लांबूनच कळलं. माझे हात थांबले.

"बाबा, त्या लोकांना उद्या काय सांगायचं?"

मामांनी मान वर केली नाही. "थांब जरा. काम करतुय."

माझ्या कमरेला खोचलेला फोन टिंग वाजला. नवं काम आलं होतं. खालचा प्लॉट, फळछाटणी. दिवस येत्या ऑक्टोबरमधला. त्याखाली त्यांचा शेरा, "सगळा पलाट एका दिवशी." आणि काम कोणावर, त्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव टाकलं होतं.