पेटी दरडीखाली राहिली

दरड घरावर येताना तुम्ही काय उचलाल, माणूस की रेशनकार्ड?

रत्नागिरीच्या कचेरीत रांगेत माझ्यापुढे एक बाई होती. पुनर्वसनातल्या घरासाठी तिला गावात राहत असल्याचा दाखला हवा होता.

कारकून म्हणाला, "मावशी, जुनं रेशनकार्ड आणा."

"पेटीसकट दरडीखाली गेलं."

"पळताना घ्यायचं ना!"

ती हसली. पदर दोन्ही मुठींत धरून किंचित वाकली, जणू ओझं अजून पाठीवरच होतं. "पाठीवर सासू होती रे बाबा. पेटीसाठी मागे फिरले असते, तर आम्हा दोघींच्या मरणाचा दाखला तू कार्ड न मागता दिला असतास."

तिला परत पाठवलं. समोर उभ्या माणसाकडे तो असल्याचा पुरावा मागणं, याला मी कारभार म्हणणार नाही.

तुमच्या गावातलं कुणी अशा खेपा घालत असेल, तर उद्याच त्यांच्याबरोबर कचेरीत जा आणि "आम्ही यांना ओळखतो" असं लिहून द्या.