दोन षटकांमधली हातोडी

आमच्या गल्लीत घड्याळं सगळ्यांकडे होती, पण कसोटी सामना सुरू असला की त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. पत्र्याच्या दुकानातून हातोडीचा आवाज आला की समजायचं, एक षटक संपलं. आवाज थांबला की पुढचं सुरू झालं. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर त्या हिशेबाने पुड्या बांधायचा आणि वरच्या मजल्यावरची सूनबाई त्या हिशेबाने बाळाला झोपवायची.

ज्यांचं ते दुकान, त्यांना आम्ही षटकराव म्हणायचो. हे नाव मी ठेवलं. मी लोकांना पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण टिकलं ते एवढंच. ते ट्रंका, डबे, नरसाळी, टपालपेट्या बनवायचे. शेजारी माझं पुस्तकबांधणीचं दुकान आणि मधे पत्र्याचीच भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला होते ते माझेच. मी स्वतः रेडिओ कधी घेतला नाही. शेजाऱ्याचा इतका छान ऐकू येत असताना आपण वेगळा घेणं म्हणजे माज.

षटकरावांची पद्धत ठरलेली होती. गोलंदाज धावायला निघाला की हातोडी खाली. मग सहा चेंडू पडेपर्यंत बिनआवाजाची कामं, म्हणजे पत्र्यावर खुणा करणं, कडा दुमडणं, डाग देणं. षटक संपलं रे संपलं की ठोकाठोकी, आणि क्षेत्ररक्षक आपापल्या जागी जाऊन उभे राहिले की पुन्हा चिडीचूप. आवाज लवकर लवकर आला तर फिरकी चालू आहे, उशिरा आला तर कुणीतरी लांबून धावत येणारा आहे, हे मी खळ लावता लावता ओळखायचो आणि गिऱ्हाइकांसमोर भाव खायचो. उपाहाराच्या वेळी मात्र ते सगळी कसर भरून काढायचे. तेव्हा मी उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचो.

टीव्ही त्यांच्या घरी होता. पण दिवसाउजेडी दुकान बंद करून टीव्हीसमोर बसणं हे आजारी माणसाचं काम, असं त्यांचं मत. शिवाय टीव्हीवर सगळं आयतं दिसतं, आपल्याला करायला काही उरतच नाही, म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुपारी डबा घेऊन यायच्या आणि रेडिओकडे सवतीकडे बघावं तशा बघायच्या. मॅच चालू असेल तर डबा आपटून निघून जायच्या. डबा पत्र्याचा, षटकरावांनीच केलेला, त्यामुळे पोचा कधी पडला नाही.

त्या वर्षी पाहुणा संघ तीन कसोट्यांसाठी आला होता, आणि पाहुण्यांसारखं वागायची त्यांची काही इच्छा दिसत नव्हती. पहिल्याच कसोटीत त्यांनी आपल्याला पळता भुई थोडी केली. आपला शेवटचा खरा फलंदाज तेवढा खेळत होता, त्यांचा वेगवान गोलंदाज धावत निघाला होता, मी हातातलं पुस्तक छातीशी धरून बसलो होतो, आणि भिंतीपलीकडे हातोडी पडली. ठण्, ठण्, ठण्. षटक अर्धंही झालं नव्हतं.

मला वाटलं, रागाने आपटतायत. उठून गेलो. षटकराव एका ट्रंकेचा कोपरा शांतपणे ठोकत होते. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. रेडिओ इतका मोठा लावलेला, की दुकानातले डबे थरथरत होते.

मी म्हटलं, "अहो, षटक संपलं नाही अजून."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. आणि म्हणाले, "हो हो, सांग की. माझा बिनसाखरेचा."

मी चहा सांगितला. दुसरं काय करणार होतो?

गेले कित्येक महिने रेडिओचा आवाज चढत चालला होता आणि मी मूर्खासारखा त्याला त्यांचा उत्साह समजत होतो. जन्मभर पत्रा ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते. षटक संपल्याचं ते अंदाजाने धरत होते. इतक्या वर्षांच्या सवयीने अंदाजही बहुतेक वेळा बरोबर यायचा, आणि त्या दिवशी चुकला.

दुपारी वहिनी आल्या तेव्हा मी आडून आडून विषय काढला. त्या म्हणाल्या, मला केव्हाचं ठाऊक आहे. "हल्ली मी काहीही म्हटलं की हो म्हणतात. आधी मला वाटलं, सुधारले." असं म्हणून त्या हसल्या, आणि मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला 'अहो, ऐकलंत का' अशीच हाक मारत आल्या होत्या. आता ती हाक तोंडात यायची आणि तिथेच राहायची. टोमणा मारल्यासारखं वाटतं, म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं. षटकरावांनी ते घालून दुकान उघडलं, हातोडी उचलली, पत्र्यावर पहिला घाव घातला आणि डोकं धरून खालीच बसले. यंत्राने माणसाचा आवाज वाढवला, तसा हातोडीचाही वाढवला. ते यंत्र खिळ्यांच्या डब्यात गेलं. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं, पण षटकरावांनी कानाला खडा लावला तो लावलाच.

दुसऱ्या कसोटीच्या दिवशी सकाळी ते रेडिओ घेऊन माझ्याकडे आले आणि माझ्या कापलेल्या कागदांवर ठेवून म्हणाले, घे तुला. क्रिकेटमध्ये आता काही राम राहिला नाही. मी नको नको म्हणत होतो, पण ते त्यांना ऐकू येण्यातलं नव्हतं, आणि हे मला त्यांची पाठ वळल्यावर सुचलं.

ती कसोटी आपण जिंकलो. षटकरावांना ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं असेल तर असेल. पाचही दिवस ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठोकत होते, मधे खंड नाही. वरचं बाळ झोपेना. कंपाउंडरने वैतागून कानात कापूस घातला. कुणी दुकानात डोकावून स्कोअर सांगायला गेलं तर षटकराव मान खाली घालायचे, म्हणजे तोंड दिसायला नको. मला तो आवाज सोसेना. डोकं उठायचं ते वेगळंच, पण त्या ठोकण्यात माणूस कुठे नव्हताच.

सामना संपला त्या संध्याकाळी वहिनी माझ्या दुकानात आल्या आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या. म्हणाल्या, दुकान बंद करायचं म्हणतायत. घरी एका खोलीत बसून राहतो म्हणतात. आणि मग त्यांनी विचारलं.

"भाऊजी, तो पंच असतो ना, तो हातवारे करतो. ते मला शिकवा."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला क्रिकेटचा तिटकारा आहे."

"आहेच की," त्या म्हणाल्या. "पण ते एकदा त्या खोलीत जाऊन बसले, की मला परत मिळायचे नाहीत."

तिसऱ्या कसोटीला आठवडा होता. रोज दुपारी खळीच्या पातेल्याशेजारी आमची शाळा भरायची. त्यांना शिकवण्यात माझा जीव मेटाकुटीला आला. प्रत्येक गोष्टीला आक्षेप. दोन्ही हात पसरले की वाइड, हे ऐकून म्हणाल्या, चेंडू वाकडा टाकला त्याला मिठी कशाला मारायची? षटकाराला दोन्ही हात वर करायला सांगितले तर म्हणाल्या, हे पोलिसांनी पकडल्यासारखं दिसतं. लेगबायसाठी गुडघा उचलून त्यावर हात मारायचा असतो. त्यांचा गुडघा उचलायचाच तयार नव्हता. लेगबाय रद्द करा, म्हणाल्या. आम्ही रद्द केला. बाद म्हणजे एक बोट वर. ते मात्र त्यांनी मुकाट्याने शिकून घेतलं.

शेवटी त्यांनी विचारलं, चेंडू पडला आणि काहीच झालं नाही, तर काय करायचं?

मी म्हटलं, काही नाही. पंच नुसता उभा राहतो.

"असं कसं? काही झालं नाही, हे यांना कसं कळणार?" वहिनी म्हणाल्या. "यांना वाटेल, आपलं काहीतरी निसटलं. माणूस घाबरतो हो अशाने."

क्रिकेटबद्दल आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वहिनी मग म्हणाल्या, बघते मी माझं काय करायचं ते, आणि उठून गेल्या.

तिसऱ्या कसोटीच्या सकाळी त्या माझ्याकडून रेडिओ घेऊन षटकरावांच्या दुकानात शिरल्या आणि एक ट्रंक उलटी करून त्यांच्या शेजारी बसल्या. षटकरावांनी विचारलं, इथे काय काम? वहिनींनी रेडिओ मांडीवर घेऊन हळू आवाजात लावला आणि त्याला कान भिडवला. मी भिंतीच्या फटीला डोळा लावून होतो, सांगायला लाज कसली. पहिले दोन-तीन चेंडू तसेच गेले आणि प्रत्येक चेंडूला वहिनींनी षटकरावांच्या गुडघ्यावर तळवा टेकवला आणि उचलला. काही झालं नाही. घाबरू नका. चारचौघांत नवऱ्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायलाही संकोचणाऱ्या बाईने हे भर गल्लीत केलं. षटकराव मान खाली घालून कडा दुमडत राहिले.

मग एक चौकार गेला. वहिनींनी हात हलवला, तो कुणाला तरी जा म्हटल्यासारखा. षटकरावांनी तिरक्या नजरेने बघितलं. पुन्हा काम. पुन्हा बघितलं. शेवटी न राहवून म्हणाले, "चौकार असा नसतो दाखवत. हात छातीसमोरून फिरव."

वहिनींनी छातीसमोरून फिरवला. षटक संपल्याची खूण कुठली हे मी शिकवायला विसरलो होतो. त्यांनी खालची हातोडी उचलली आणि षटकरावांच्या हातात दिली.

ठण्, ठण्, ठण्. आणि शांतता. मी जाऊन माझ्या जागेवर बसलो आणि बराच वेळ एकाच पुस्तकाला खळ लावत राहिलो, कारण मला पुस्तक नीट दिसत नव्हतं. वरच्या सूनबाईने खिडकीतून वाकून विचारलं, मॅच सुरू झाली का हो? मी म्हटलं, झाली.

शेवटच्या दिवशी आपण हरायला आलो होतो. मालिका एकेक अशी बरोबरीत, एकच गडी हातात, आणि दिवसाचं शेवटचं षटक. ते निभावलं तर मालिका वाचत होती. गल्लीतलं झाडून सगळं माणूस पत्र्याच्या दुकानात येऊन उभं राहिलं होतं. कुणी बोलत नव्हतं, वहिनींना ऐकू आलं पाहिजे म्हणून. षटकरावांनी त्या षटकापुरतं काम बाजूला ठेवलं होतं. ते कुणाकडेही बघत नव्हते, फक्त वहिनींकडे.

पहिला चेंडू. हात गुडघ्यावर. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, दर वेळी हात गुडघ्यावर.

सहाव्या चेंडूला रेडिओ नुसता फुटला. चेंडू फलंदाजाच्या पायावर बसला होता आणि पाहुणे सगळे एकदम पायचीतसाठी ओरडत होते. कंपाउंडरने डोकं धरलं. मी डोळे मिटले. मिटण्याआधी मला षटकरावांचा चेहरा दिसला. आम्हा सगळ्यांची तोंडं त्यांना दिसत होती आणि त्यावरून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. ते वहिनींच्या बोटाकडे बघत होते.

वहिनी कान लावून बसल्या होत्या. मैदानातल्या पंचाने काहीच केलं नव्हतं. तो नुसता उभा होता. हे रेडिओवाल्याने एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि मग वहिनींनी हात षटकरावांच्या गुडघ्यावर ठेवला. या वेळी लगेच उचलला नाही.

"नाबाद?" षटकरावांनी विचारलं.

वहिनींनी मान डोलावली. मग षटक संपलं होतं म्हणून हातोडी उचलून त्यांच्या हातात दिली. षटकरावांनी ती रिकाम्या ऐरणीवर घातली, घातली, घातली, इतकी की वरचं बाळ उठून रडायला लागलं आणि त्याच्या आईसकट कुणीही तक्रार केली नाही.

लोक पांगायला लागले. षटकराव वहिनींच्या कानाशी वाकले. त्यांना हळूच काही सांगायचं होतं. पण आपला आवाज किती मोठा लागतो, हे त्यांना आता कुठे कळत होतं? ते जे कुजबुजले, ते पार दवाखान्यापर्यंत ऐकू गेलं.

"उद्या पण ये. मॅच नसली तरी ये."

वहिनी लाजून चूर झाल्या. कंपाउंडर आढ्याकडे बघायला लागला, मी भिंतीवरच्या एका खिळ्याकडे. जन्मभर दुसऱ्याच्या घरातलं ऐकत आलेली आमची गल्ली तेवढ्यापुरती ठार बहिरी झाली. वहिनींनी त्यांच्या हातातली हातोडी काढून घेऊन खाली ठेवली आणि हात परत गुडघ्यावर ठेवला.