शिवणीच्या लाकडाचा पाय

मौद्याच्या बाजाररस्त्यावर चिंचेच्या झाडाखाली पत्रे टाकून एक म्हातारे सुतार काम करायचे. ब्रह्मदेशातल्या लढाईवर जाऊन आलेले, म्हणून सगळं गाव त्यांना फौजी म्हणायचं. मी काकाजी म्हणायचे. बैलबंडीची चाकं, वखर, दारांच्या चौकटी अशी कामं त्यांच्याकडे असत. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता आणि तो त्यांनी स्वतःच घडवला होता. मी पुढे कितीतरी वर्षं फळ्यासमोर उभं राहून शिकवलं. ज्या दोन पायांवर उभी राहिले, त्यातला एक त्यांच्या हातचा होता.

ते जातीनं सुतार नव्हते. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या माणसाला गावचा सुतार वाकसाला, लाकूड तासायच्या हत्याराला, हात लावू देत नसे. विशीत ते फौजेत भरती झाले आणि नेमके लाकडी पूल बांधणाऱ्या पलटणीत पडले. तिथल्या पंजाबी उस्तादानं त्यांना जात विचारली नाही. "डावखुरा आहेस का?" एवढंच विचारलं आणि हातात वाकस दिला. तीन वर्षं त्यांनी जंगलातल्या नाल्यांवर पूल बांधले. मग एका सकाळी पुलासाठी ओंडका आणायला निघाले असताना जमिनीत पुरलेला सुरुंग फुटला.

सरकारनं दिलेला पाय लावून ते गावी परतले, तेव्हा लोक म्हणाले, आता कुठंतरी चौकीदारी धर. त्यांनी चिंचेखाली दुकान मांडलं. चार महिने कोणी आलं नाही. एका बाजारच्या दिवशी भर रस्त्यात एका पाटलाच्या बंडीचं चाक मोडलं, आणि गावचा सुतार नेमका लग्नाला गेलेला. पाटील बराच वेळ इकडेतिकडे बघत उभा राहिला आणि शेवटी काकाजींना हाक मारली. ते चाक पुढं अकरा पावसाळे चाललं. दुसऱ्या वर्षी पाटील दोन नवीन चाकं करायला स्वतः आला.

सरकारी पाय मात्र आमच्या काळ्या मातीत टिकला नाही. जड होता, चिखलात रुतायचा. दुरुस्तीला पुण्याला पाठवायचा म्हणजे महिनोन्‌महिने घरी बसायचं. काकाजींनी तो सरळ उकलला, आतून नीट पाहिला आणि शिवणीचं लाकूड आणून तसाच दुसरा केला. शिवण हे आमच्याकडच्या जंगलातलं झाड. लाकूड हलकं आणि चिवट. त्या पायावर ते घरांच्या छपरांवर चढायचे आणि सायकलवर नागपूरलाही जायचे.

हे सगळं मला नंतर कळलं. मौद्याच्या शाळेत लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा फक्त रस्त्यानं जाता-येता त्यांना बघायचे. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. मी चोवीस वर्षांची होते. एका लग्नाहून परतताना पुलाशी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि माझा उजवा पाय तिच्याखाली आला. नागपूरच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

तीन महिन्यांनी बाबा माझ्या रजेचा अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथले साहेब म्हणाले, "कुबडीवरची बाई चाळीस पोरं कशी सांभाळेल? दोन महिन्यांत डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर राजीनामा द्या." बाबांनी घरी येऊन मला काही सांगितलं नाही. साहेबांनी तसं लिहून दिलेला कागद मला आठ दिवसांनी त्यांच्या अंथरुणाखाली सापडला.

मौद्यात मात्र बातमी फिरली होती. दोन दिवसांनी सकाळी काकाजी सायकलवरून आमच्या खेड्यावर आले, मागच्या कॅरिअरवर बायकोला बसवून. आमच्या घरी तोवर त्यांच्या वस्तीतलं कोणी ओट्याच्या वर आलं नव्हतं. ते अंगणातच थांबले. आईनं क्षणभर बाबांकडे पाहिलं, मग दार पुरतं उघडलं आणि म्हणाली, "आत या ना. बाहेर काहून उभे राहिले?" घरातल्याच कपात तिनं दोघांना चहा दिला.

"मास्तरीणबाई," काकाजी म्हणाले, "तुमाले पाय पायजे का?"

मी मान हलवली.

"मंग माप घ्या लागते. आजवर मी फक्त माहाच पाय केला. म्हणून हिले आणलं."

ते ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. आत त्यांच्या बायकोनं सुतळीनं माझं माप घेतलं. ते बाहेरून विचारायचे, ती आतून सांगायची. मध्येच त्यांनी विचारलं, "चप्पल कोणती घालता?"

"आता चप्पल कशाची काकाजी?" मी म्हणाले.

"काहून? नोकरीवर का अनवाणी जाता?"

पाय घेऊन ते आले तेव्हा मी आधी त्याचं पाऊल पाहिलं. त्यांनी अंगठा वेगळा कोरला होता, चपलेचा पट्टा बसावा म्हणून. तळव्याला ट्रॅक्टरच्या टायरचं रबर ठोकलं होतं, पोटरी माझ्या दुसऱ्या पायाला जुळेल अशी गोल तासली होती. मी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. दवाखान्यातून आल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

पण त्या पायानं मला चालता आलं नाही. चार दिवसांत जखमा झाल्या, दुखणं सहन होईना. मी निरोप पाठवला की राहू द्या, माझ्याच्यानं होत नाही. काकाजी आले. जखमा त्यांच्या बायकोनं पाहिल्या आणि त्यांना सांगितलं. त्यांना वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही.

"माह्या पहिल्या पायानं मले दोन महिने रडवलं," ते म्हणाले. "लाकडाले काय मालूम तुमाले कुठं दुखते? ते त्याले सांगा लागते. जखमा वाळल्या का आमच्या घरी येजा."

मुदतीतला सव्वा महिना असाच गेला. मग बाबांनी मला बंडीतून मौद्याला सोडलं, आणि मी त्यांच्याकडेच राहिले. माझ्या पायाच्या टोकाला फडकं गुंडाळून त्यावर त्यांची बायको, म्हणजे काकी, गेरू लावायची. मी लाकडी पाय चढवून थोडी उभी राहायची आणि काढायची. पायाचं टोक बसायच्या वाटीला आत जिथं गेरू लागला असेल, तिथं लाकूड टोचत होतं. तेवढंच काकाजी पटाशीनं खरवडायचे. पुन्हा गेरू, पुन्हा पटाशी. तिसऱ्या दिवशी गेरू सगळीकडे सारखा लागला. त्यांनी आत घोंगडीचा तुकडा बसवला आणि म्हणाले, "आता पडाले शिक."

तोपर्यंत ते मला तुम्ही म्हणत होते. त्या दिवसापासून तू म्हणू लागले.

"पडायला?"

"हो वं. पडाचं भेव गेलं का चालणं येते."

अंगणात लाकडाच्या भुशाचा ढीग होता. दोन दिवस मी त्यावर नुसती पडत होते, पुढं, मागं, कुशीवर. तिसऱ्या दिवशी चालले आणि भुशाच्या बाहेर, फरशीवर आपटले. काकीनं धाव घेतली.

"उचलू नोको तिले," काकाजी म्हणाले. "तिचं तिले उठू दे."

काकी तिथंच माझ्याजवळ खाली बसली आणि हळू आवाजात मला म्हणाली, "सोतालेही असंच करे हा माणूस. दीक्षेच्या साली नागपूरले पायी गेलो आम्ही, पांढरे कपडे घालून. याच्या पायातून रगत येऊन राहिलं होतं. म्या म्हटलं, अजी, बंडीत बसा. म्हणे, आज बंडीत बसून कोणाच्या पुढं जाऊ? दोन दिवस लागले, पण मैदानावर आपल्या पायानं पोचला."

मी उठले. त्या संध्याकाळी अंगण आठ वेळा पार केलं. आठवड्यानं बाजाररस्त्यावरून पोस्टापर्यंत जाऊन आले, आणि दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत राहिले.

दाखल्याची मुदत संपायला तीन दिवस होते, तेव्हा आम्ही नागपूरला गेलो. काकाजी बाहेर बाकावर बसले. मी साडी नेसून, दोन्ही पायांत चप्पल घालून डॉक्टरांसमोर गेले. त्यांनी मला चालायला लावलं, जिना चढून उतरायला लावलं, नुसत्या उजव्या पायावर उभं केलं. मग खाली बसून बोटानं पोटरीवर टकटक केलं.

"हा कुठून आणला? पुण्याहून?"

"नाही डॉक्टर. मौद्याहून. ज्यांनी केला ते बाहेर बसले आहेत."

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. काकाजींनी पँट वर करून आपला पाय दाखवला. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली, ती माझ्याकडे न बघताच. त्यांचं लक्ष त्या पायाच्या वाटीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो दाखला कचेरीत स्वतः नेऊन दिला. साहेबांनी बसायला खुर्ची दाखवली. मी म्हणाले, "उभीच बरी आहे." सोमवारी चौथीच्या वर्गात हजेरी घेतली.

नंतर डॉक्टर माणसं पाठवू लागले. नागपुरातल्या जरीपटक्याहून एक भाजीवाला आला, नंदनवनकडून एक गवंडी, मग आजूबाजूच्या खेड्यांतले कितीतरी. प्रत्येकाला काकाजी तो काय काम करतो ते आधी विचारायचे. गवंड्याचं पाऊल त्यांनी रुंद केलं, शिडीवर टेकावं म्हणून. बायकांची मापं काकी घ्यायची.

ऐंशी सालानंतर एकदा त्याच डॉक्टरांनी काकाजींना आपल्या विद्यार्थ्यांसमोर बोलावलं. मी सोबत गेले. सत्तरीकडे झुकलेला, चौथीपर्यंत शिकलेला माणूस खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन त्या वर्गात शिरला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. एकानं इंग्रजीत काही विचारलं.

"मले तुमची भाषा येत नाही," काकाजी शांतपणे म्हणाले. "इकडं या."

त्यांनी त्या मुलाचा पाय गुडघ्यात दुमडून पट्ट्यानं बांधला, गुडघ्याखाली सोबत आणलेला लाकडी खुंट अडकवला आणि त्याला चालायला सांगितलं. तो दोन पावलांत कोलमडला. काही जण हसले. काकाजींनी हसणाऱ्यांनाही एकेक करून बोलावलं. तासाभरानं वर्गात हसू उरलं नव्हतं. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले होते, कोणी जमिनीवर बसलं होतं, आणि ते वाकसानं लाकूड तासत सांगत होते की हाड कुठं टेकतं आणि कातडी कुठं सोलते. डॉक्टर स्वतः वहीत लिहून घेत होते. काकाजी निघाले तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला.

परतीच्या एस.टी.ला गर्दी होती. एका तरुणानं त्यांचा पाय पाहून जागा दिली. काकाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं, वरची दांडी धरली आणि मौद्यापर्यंत उभ्यानं आले.