वाघाच्या केसचा निकाल

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात ऐंशीच्या दशकात जेवढी धडधाकट माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांचं रक्त मी काढलेलं आहे. सुईने नव्हे, सुई टोचणारे वेगळे. मी जिभेने काढलं. कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर त्याने भांडुपला जाऊन चौकशी करावी. तिथे अजून काही म्हातारे मला पाहून बाही खाली ओढतात.

त्याचं झालं असं. आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने म्युनिसिपालटीच्या शाळेत रक्तदान शिबिर ठेवलं होतं. बाजूच्या चाळीच्या मंडळाने आदल्या वर्षी ठेवलं होतं, म्हणून आम्हालाही ठेवावंच लागलं. बाकांवर गाद्या टाकल्या होत्या, खाली काचेच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, आणि रक्त देणाऱ्याला कॉफी, ग्लुकोजची बिस्किटं आणि मंडळाचं नाव कोरलेली स्टीलची वाटी मिळणार होती. मी कॉफी वाटायला होते. बारावी सायन्स नुकतीच पास झालेली, वजन एवढं कमी की पंख्याखाली उभं राहायची भीती वाटायची.

पहिलाच रक्तदाता आला तो एक हवालदार. मिशा अशा, की दोन्ही टोकांना कपडे वाळत घालावेत. पण सुई बघितली आणि गडी पांढराफटक. उठून पळणार, एवढ्यात मी कॉफीचा ट्रे घेऊन आडवी गेले आणि तोंडाला येईल ते बोलायला लागले.

"हवालदारसाहेब, आमच्या गावच्या खोताने वाघाला रक्त दिलं होतं, ठाऊक आहे?"

"वाघाला?"

"चुकून गोळी लागली ना त्याला. मग खोतानेच दिलं रक्त. वाघ वाचला, पण तेव्हापासून वाट लागली त्याची. शिकार सोडली नि सावंतवाडीच्या कोर्टात खेपा घालायला लागला. म्हणतो, ही टेकडी माझ्या पणजोबाची. सातबारावर नाव लावा."

कोकणातलं ज्याला थोडंफार ठाऊक आहे त्याला यात काही खोटं वाटणार नाही. हवालदार हसता हसता आडवा झाला, बाटली भरली, सुई निघाली, तरी उठेना. "पुढे काय झालं वाघाचं?" "पुढची तारीख पडली," मी म्हटलं. तो दिवसभर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे पाठवत राहिला.

रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टरबाई हे सगळं लांबून बघत होत्या. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलची रक्तपेढी होती ती. बाई पार्ल्याच्या. सुती साडी, स्वच्छ मराठी, आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवूनच बोलायची सवय. तो हात मला अजून आठवतो. ऊबदार होता.

"शिकतेस काय गं?"

"नर्सिंगला नंबर लागलाय. म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात. पुढच्या महिन्यात हॉस्टेलवर जायचंय."

"नर्सिंगला? बेडपॅन उचलायला? हे बघ बाळ, तू माझ्याकडे ये. वर्ष-दोन वर्षं शिबिरांत काम कर, हात बसू दे. आमच्याकडे टेक्निशियनची ट्रेनी म्हणून जागा निघणार आहे. ती तुझी. मी सांगते ना."

मी सांगते ना. या तीन शब्दांवर मी हॉस्टेलची जागा सोडली.

आई चवताळली. बाबांची गिरणी बंद पडली होती, ते एका बँकेच्या दाराशी वॉचमन म्हणून उभे राहायचे. "गो, थय जेवान फुकट, कापडा फुकट, वर हातात चार पैशे. आणि ह्या बायचा ऐकान तू ता सोडतलंस? तुका येड लागला काय?" बाबा मात्र म्हणाले, "डॉक्टरबाई खोटं कशाला बोलतील?" बाबांना शिकलेल्या माणसाच्या शब्दावर फार विश्वास. माझ्यातही त्यांचंच रक्त.

मग सुरू झाले माझे रविवार. विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड. जिथे मंडळ तिथे शिबिर आणि जिथे शिबिर तिथे मी. पगार नाही, स्वयंसेविका. हळूहळू डॉक्टरबाईंनी मला बाकीचं शिकवलं. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. बुडाला तर माणूस पास, तरंगत राहिला तर "घरी जा, पालेभाजी खा, पुढच्या वर्षी ये." बाटली हळूहळू हलवत राहायची, नाहीतर आत रक्त गोठतं. दंड कसा बांधायचा, शीर कशी चाचपायची. बाई सगळ्यांना सांगायच्या, "ही आमची होणारी टेक्निशियन." असं म्हणताना तो हात खांद्यावर.

आणि वाघाची केस चालू होती. प्रत्येक शिबिरात नवीन तारीख. वाघाने वकील केला. वकिलाने वाघाकडून फी म्हणून एक शेळी मागितली, पण वाघाने शेळी उधार ठेवली. समोरच्या पार्टीने रानडुकराला साक्षीला आणलं. मुलुंडच्या एका गृहस्थाने शपथेवर सांगितलं होतं की त्याने रक्त दिलं ते केवळ रानडुकराची उलटतपासणी ऐकायला. नुसत्या आमच्या रक्तपेढीच्या बाटल्या एकावर एक रचल्या असत्या तर घाटकोपरच्या टेकडीवरून थेट पवईचा तलाव दिसला असता. तसा तो नुसत्या टेकडीवरूनही दिसतो म्हणा.

शेवटी दीडेक वर्षाने एकदाचा निरोप आला. हॉस्पिटलचा वर्धापनदिन आहे, ट्रेनीची नेमणूक त्याच कार्यक्रमात जाहीर होणार आहे, आणि मला स्टेजवर बोलावलंय. चांगली साडी नेसून ये, असं डॉक्टरबाईंनी मुद्दाम कळवलं होतं.

आता आमच्या चाळीत असा निरोप एका माणसाचा राहत नाही. स्टेजवर बोलावलंय म्हणजे नोकरी दिली, यात कुणालाच शंका नव्हती. उगाच कुणी कुणाला स्टेजवर कशाला बोलावेल? मंडळाच्या सेक्रेटरीने सकाळीच चाळीच्या तोंडावरचा फळा पुसला आणि रंगीत खडूंनी लिहून काढलं: 'आपल्या चाळीची सुकन्या रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' बाजूला रक्ताचा लाल थेंब काढला, त्याला डोळे आणि हसरं तोंड. पेढे आले. टेम्पो ठरला. बाबांनी सुट्टी काढली आणि लग्नातला कोट घातला.

हॉल भरलेला. आमची चाळ पुढच्या रांगांत. माझं नाव पुकारलं तेव्हा आमच्या लोकांनी एवढ्या शिट्ट्या मारल्या की ट्रस्टी मंडळी दचकून पाण्याच्या ग्लासांना बिलगली. डॉक्टरबाई माइकवर बोलल्या. फार छान बोलल्या. "ही मुलगी नसती तर आमची रक्तपेढी कोरडी पडली असती. सेवा कशी करावी, कसलीही अपेक्षा न ठेवता, हे हिच्याकडून शिकावं."

कसलीही अपेक्षा न ठेवता.

मग माझ्या अंगावर शाल आली. हातात नारळ आला. टाळ्या. आणि मला हळूच बाजूला सरकवून बाई म्हणाल्या, "आता स्वागत करूया आमच्या नव्या ट्रेनी टेक्निशियनचं." पांढऱ्या साडीतली एक मुलगी पायऱ्या चढून आली. मी तिला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. तिला गुलाबाचं फूल दिलं, फक्त फूल. जिला जागा मिळते तिला फूल पुरतं. शाल आणि नारळ ज्यांना वाटेला लावायचं असतं त्यांना देतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रांगेत आमच्या सेक्रेटरीने टाळ्या वाजवणं चालूच ठेवलं होतं. त्याला वाटलं दोन जागा असतील.

मी स्टेजमागे डॉक्टरबाईंना गाठलं. नारळ हातातच होता, त्यामुळे त्या जरा लांब उभ्या राहिल्या.

"बाई, ती जागा?"

"अगं, ती बी.एस्सी. आहे. ट्रेनीला ग्रॅज्युएट लागतं. नियम आहे."

"नियम आज झाला?"

"नाही गं. नियम पहिल्यापासून आहे."

"मग मला का नाही सांगितलंत? मी नर्सिंग सोडलं."

बाई जवळ आल्या. मग तो हात खांद्यावर आला, शालीवरून. "हे बघ बाळ, तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस का? आणि तुझी खरी जागा बाहेर आहे, लोकांत. तुला आत कोंडून कसं चालेल? रविवारी मुलुंडला ये हं. मोठं शिबिर आहे."

एवढं सरळ बोलल्या त्या. खोटं बोलल्या असत्या तर मी भांडले असते. खोट्याशी कसं भांडायचं ते मला येतं.

टेम्पोत बाबा कोट काढून मांडीवर घेऊन बसले होते. घरी पोचल्यावर आईने फक्त विचारलं, "गो, जागा गावली काय नाय ता सांग." मी शाल तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "लोकर पण नाय ही."

फळा तसाच राहिला. सेक्रेटरी म्हणे, "आत्ताच पुसला तर लोक विचारतील ना गं." आमच्या फळ्यावर कुणी वारल्याशिवाय नवीन मजकूर येत नसे, आणि त्या दिवसांत चाळीतले सगळे म्हातारे माझ्यावर सूड उगवल्यासारखे ठणठणीत होते. जाता-येता तो थेंब माझ्याकडे बघून हसायचा.

रविवारी मी मुलुंडला गेले. डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. "आलीस ना! मला माहीत होतं."

"रक्त द्यायला आलेय," मी म्हटलं.

आतापर्यंत रक्त देण्याइतकं माझं वजन कधी भरलं नव्हतं. त्या आठवड्यात परत न केलेल्या पेढ्यांनी ते भरलं. माझा थेंब निळ्या पाण्यात दगडासारखा बुडाला. मी बाकावर आडवी झाले. दंड बांधला त्या नव्या मुलीने. तिचा काही दोष नव्हता, आणि मला तिचा हात थरथरताना बघायचा होता, हेही खरं. पण नाही थरथरला. सुई झकास लागली.

हॉलमध्ये रांग लागली होती. माझ्या शेजारच्या बाकावर तोच मिशीवाला हवालदार. "ताई, वाघाचं काय झालं? मागच्या शिबिरात तुम्ही म्हणालात, आज निकाल."

मी छताकडे बघत राहिले. रांगेतले दोघे-तिघे सुईकडे बघून चुळबुळायला लागले. एकाला एकदम घरचं काम आठवलं. हवालदार घामेजला. शिबिराच्या हॉलमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

डॉक्टरबाई वाकून कानाशी आल्या. "बोल ना गं काहीतरी. लोक घाबरतायत."

"बोलता येणार नाही, बाई. रक्त देताना रक्तदात्याने बोलायचं नाही, असा नियम आहे."

"असा कुठला नियम? कधी झाला?"

"पहिल्यापासून आहे," मी म्हटलं.

त्यांचा हात खांद्यापर्यंत आला होता, तो तिथेच थांबला. मग त्या सरळ झाल्या आणि रांगेकडे गेल्या. रांगेत तेव्हा चारच माणसं उरली होती.

मी उठून कॉफी प्यायले, बिस्किटं खाल्ली, वाटी घेतली. वाटी का सोडायची? पुढच्या वर्षी नर्सिंगला पुन्हा अर्ज केला, मुलाखतीत पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि गेले. वर्गातल्या पोरी मला ताई म्हणायच्या. मी पुढे आयुष्यभर बेडपॅन उचलले आणि घाबरलेल्या पेशंटांना हज्जार गोष्टी सांगितल्या. पण वाघाची केस कुणालाच सांगितली नाही. ती अजून कोर्टात पडून आहे.