मीनू डबा उघडून बघायची

सात वर्षांच्या मुलीची आई आता फार दिवस राहणार नाही, हे घरातल्या मोठ्यांना कळलेले असताना त्या मुलीची शाळा त्याच वर्षी बदलावी, की आहे तिथेच तिला राहू द्यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आई म्हणजे माझी धाकटी बहीण मीनाक्षी, घरातली मीनू. तिला जाऊन सात आठवडे झाले. मी एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. प्रश्न आधी नीट मांडावा आणि मग सोडवायला घ्यावा, ही सवय अंगात मुरलेली आहे, म्हणून तो पहिल्या ओळीत मांडला.

बातमी आली ती शाळेच्या वेळेला. मीनू आठ दिवसांपासून रुग्णालयात होती, तिचा नवरा दिलीप तिच्याजवळ होता आणि त्यांची मुलगी रेवा रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात माझ्या घरी. मी रेवाच्या वेण्या घातल्या होत्या, डबा भरून दप्तरात ठेवला होता, आणि ती पायरीवर बसून बूट घालत होती. फोन वाजला. दिलीप एवढेच म्हणाला, "ताई... गेली." फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की रेवाच्या दप्तरातून डबा बाहेर काढला. का काढला, ते मला आजही सांगता येणार नाही. तिने मान वर करून विचारले, "मावशी, आज छुट्टी है क्या?" आमच्या रेवाला मराठी सगळे समजते, बोलते मात्र ती हिंदीत. मी "हो" म्हणाले. इतके अपुरे उत्तर मी वर्गात कधी कोणाला दिले नसेन.

मीनू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील रेल्वेत, मूळचे वर्ध्याकडचे. बदलीने रायपूरला आले आणि इथलेच झाले. मीनूला पाढे मी शिकवले. सतराचा पाढा तिला शेवटपर्यंत आला नाही. पण घरी आलेला पाहुणा जेवून आला आहे की उपाशी आहे, हे ती त्याने चप्पल कशी काढली यावरून सांगायची आणि बहुतेक वेळा तिचे बरोबर निघायचे. मला तिच्या या पद्धतीचा थोडा रागच यायचा, कारण तिला रीत लिहून दाखवता येत नसे आणि उत्तर मात्र बरोबर असे. पुढे दिलीपशी लग्न होऊन ती रायपूरमध्येच भनपुरीला गेली. तो तिथल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रकांचा माल चढवण्या-उतरवण्याचे काम बघतो. रेवाची पहिली शाळा त्यांच्या गल्लीच्या टोकाला होती. सहा खोल्या, पत्र्याचे छत, आणि एखादा ट्रक भोंगा वाजवत मागे येऊ लागला की बाईंना शिकवणे थांबवावे लागे. मला ती शाळा पसंत नव्हती आणि मी तसे बोलूनही दाखवत असे.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले असताना रेवा शाळेतून आली. मीनूने तिचा डबा घेतला, खिडकीपाशी नेऊन उघडला आणि आत वाकून कोपरे न्याहाळू लागली.

"काय पाहून राहिली तू?" मी विचारले.

"आज ठेठरी होती कोनाची तरी. अन् हा पाय, कढीपत्ता. म्हणजे ती तेलुगू पोट्टी आली आज, बिमार होती बिचारी."

मग तिने मला समजावून सांगितले. डबा रिकामा आला तर मूल जेवले, एवढेच कळते. ते कोणाबरोबर जेवले, हे डब्याच्या कोपऱ्यात असते. मुले एकमेकांच्या डब्यात हात घालतात आणि दुसऱ्या घरचा एखादा कण तुमच्या डब्यात राहून जातो. भनपुरीच्या त्या शाळेत ट्रकचालकांची, हमालांची, कारखान्यातल्या कामगारांची मुले होती, सगळ्या मुलखांतली. रेवाच्या डब्यात इथल्या छत्तीसगढी घरांतल्या बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा चुरा यायचा, बिहारकडच्या गोड ठेकुआचा तुकडा यायचा, कोणाच्या तरी पराठ्याबरोबरच्या लोणच्याची मोहरी यायची. मी हसून म्हटले, "निकाल डब्यात पाहतेस काय तू?" ती म्हणाली, "हाव. तू प्रगतिपुस्तकात पाय, मी डब्यात पायतो." मोठ्या बहिणीला टोमणा मारायचा झाला की ती मुद्दाम दिलीपसारखे 'पायतो' म्हणायची.

डबाही तिने त्याच हिशेबाने घेतला होता. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात आम्ही दोघी गेलो होतो. तिने चौकोनी स्टीलचा डबा मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "दीदी, गोल वाला ले लो, धोने में आसान है." मीनू म्हणाली, "इसीलिए तो नहीं चाहिए, भैया."

आजार कळला तेव्हा तो बराच पुढे गेलेला होता. उन्हाळ्यात दिलीपने तिला आणि रेवाला माझ्याकडे आणून सोडले, कारण त्याच्या कामाच्या पाळ्या ठरलेल्या नसत आणि मीनूजवळ सतत कोणीतरी असणे आवश्यक होते. समोरच्या खोलीत खिडकीखाली तिचा दिवाण ठेवला. शाळा उघडायला दोन आठवडे राहिले तेव्हा प्रश्न समोर आलाच. भनपुरीची शाळा माझ्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या घरापासून दहा मिनिटे चालत गेले की एक मोठी, नावाजलेली शाळा. मी माझ्या सवयीने कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'बदलावी' आणि उजवीकडे 'बदलू नये' असे लिहिले. डावीकडे नऊ मुद्दे झाले, उजवीकडे चार. त्या चारांतला शेवटचा मी अधोरेखित केला होता : मुलाच्या आयुष्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

मीनूने कागद वाचला आणि परत दिला. "मुद्दे मोजून नोको पाहू, ताई. मी गेल्यावर शाळा बदलशीन, तं तिले दोन्ही एकदमच गेल्यासारखं होईन. आता बदलली तं मी आहे न, डबा पाहाले."

"अन् तिथं नाही रमली तं? अन् तोपर्यंत तू..." मी म्हटले.

वाक्य तिनेच पुरे केले. "अन् मी गेली तं? तं तू आहेस." दिलीप पंख्याकडे बघत बसला होता. ती त्याला म्हणाली, "तुम्ही भी बोला न काही. ट्रकवाल्यांवर तं मोठे ओरडता." तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, ताई. मले तं काही समजूनच नाही राहिलं." मग आम्ही रेवाला बोलावून विचारले. ती दारात उभी राहून म्हणाली, "जैसा आप लोग बोलो." मी तो होकार धरला. एवढी वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या बाईला कळायला हवे होते, की असे म्हणणाऱ्या मुलाने उत्तर दिलेले नसते, प्रश्न परत केलेला असतो.

शाळा बदलली. रोज दोन वाजता रेवा यायची, बूट काढायची आणि डबा दिवाणावर मीनूच्या हातात द्यायची. पहिला आठवडा डबा स्वच्छ आला. दुसराही. मीनू फक्त म्हणायची, "आज भी साफ." मी तिला कारणे देत असे... मुले नवी आहेत, वर्ग मोठा आहे, वेळ लागतो. शेवटी मी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटले. तिने अत्यंत सौजन्याने सांगितले, की इथे मुले आपापल्या जागेवर बसून खातात आणि डबे वाटून घेण्याची परवानगी नाही. मला हायसे वाटले. घरी येऊन मी मीनूला म्हटले, की या शाळेत तुझी कसोटी लागू पडत नाही. ती म्हणाली, "पोट्टे कधीपासून ऐकाले लागले, ताई?"

यानंतर जी चूक झाली ती तिच्याकडून झाली, आणि तिचे अंग त्या दिवशी फार दुखत होते, हेही येथे सांगायला हवे. रेवा समोर उभी असताना ती डबा बघत बोलून गेली, "तुह्या डब्यात कोनाचंच काही काहून नाही येत, बेटा?" रेवा हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या कोपऱ्यात एक तुकडा होता. मीनूच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "कोनं दिलं?" रेवाने सांगितले, "आन्या ने." आन्या तिच्याच बाकावर बसते, तिच्या दोन वेण्या आहेत, तिची मम्मी रोज काहीतरी नवीन करून देते. मी तर स्वयंपाकघरात देवाला हात जोडले. रेवा खाली खेळायला गेल्यावर मीनूने मला हाक मारली आणि तो तुकडा उजेडाकडे धरला. "ताई, पाय. तीळ."

खाऱ्या शंकरपाळ्यांत ओव्याबरोबर तीळ घालायची माझी जुनी सवय आहे. तुकड्याची कड माझ्या कातण्याने कापल्यासारखी दातेरी होती. शंकरपाळ्यांचा डबा माझ्याकडे वरच्या फळीवर असतो, आणि त्या सकाळी स्टूल फळीखाली सरकवलेले मी पाहिले होते. पाहिले होते आणि उचलून जागेवर ठेवले होते. मी म्हटले, रेवाशी बोलायला हवे, खोटे बोलण्याची सवय... मीनूने माझा हात धरला. "नोको. माह्यासाठी करून राहिली ते. करू दे."

मग रोज काहीतरी येऊ लागले. चिवड्यातला शेंगदाणा, गुळाचा खडा, एकदा तर माझ्याच कैरीच्या लोणच्याची फोड. मीनू प्रत्येक वेळी विचारायची, आज आन्या काय म्हणाली? आणि रेवा सांगायची. आन्याला एक लहान भाऊ मिळाला, मग एक कुत्रा मिळाला. आन्या पालीला घाबरते. आन्याला सतराचा पाढा येत नाही. हे ऐकून मीनू इतकी हसली, की तिला धाप लागली आणि मला पाणी आणावे लागले. मी पाणी घेऊन दारात उभी होते. त्या दोघी एका नसलेल्या मुलीला वाढवत होत्या आणि मला त्यात काही दुरुस्त करता येत नव्हते. नसलेल्या, असे मी म्हणते, कारण मी तपासले होते. वर्गाच्या दारावर मुलांच्या नावांची यादी लावलेली असते. मी ती वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली. आन्या नाही.

हे मी मीनूला सांगितले नाही. तिला रुग्णालयात हलवल्यावर मी भेटायला गेले, ती आमची शेवटची भेट. बोलण्याचे श्रम होत होते. रेवाचे जेवण, औषधाची वेळ, दिलीपचा धुवायचा शर्ट, असे काहीबाही झाल्यावर ती म्हणाली, "डब्यात दोन पुऱ्या जास्त ठेवत जाजो, ताई." मी विचारले, "रेवाची भूक वाढली काय?" ती म्हणाली, "आन्यासाठी." मी तिच्याकडे पाहिले. ती मला खेळात सामील व्हायला सांगत होती, की उद्या बाकावर खरेच कोणी येऊन बसले तर रेवाच्या हातात द्यायला काही असावे, असे तिला म्हणायचे होते... ते मी तेव्हाच विचारायला हवे होते. परिचारिका आली आणि मी उठले.

तेरावे झाल्यावर रेवा शाळेत जाऊ लागली. डबा पुन्हा स्वच्छ येऊ लागला. आता तो दिवाणावर घ्यायला कोणी नव्हते, त्यामुळे तिला कोपऱ्यात काही ठेवण्याचे कारण उरले नव्हते. जास्तीच्या दोन तिखट-मिठाच्या पुऱ्या रोज तशाच परत येत. आन्याचे नाव निघाले नाही. मीही काढले नाही.

दिलीप रविवारी येतो. मागच्या वेळी चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "ताई, परत जुन्या शाळेत टाकू काय तिले? तिथल्या मॅडम म्हणते, कधी भी आणा." मी कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. परत न्यायची तर तिला आणणार-नेणार कोण, दुपारी घरात कोण, आणि ज्या गल्लीत प्रत्येक दारात तिची आई उभी असायची त्या गल्लीतून ती रोज जाणार कशी? न न्यायची, तर... पेन हातात राहिले. दोन्ही रकाने कोरे राहिले. दिलीप रेवाच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

या मंगळवारी मी डबा उघडला तेव्हा एकच पुरी परत आलेली होती. दुसरी तिने खाल्ली असेल. खाली पडली असेल. कोणाला दिली असेल. मी चष्मा लावला, डबा मीनूच्या खिडकीशी नेला आणि चारही कोपरे पाहिले. काही नव्हते. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मीच मुलांना शिकवत आले. बुधवारी पुन्हा दोन्ही पुऱ्या परत आल्या. रेवाला मी काहीच विचारलेले नाही, कारण विचारले तर उद्यापासून डबा मला जे हवे तेच सांगेल.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. मीनूची रीत तेवढी लिहून ठेवली आहे, आणि तीही माझ्या शब्दावर खरी मानू नये. तुमच्या घरी शाळेत जाणारे मूल असेल तर आज त्याचा डबा धुवायला टाकण्याआधी उजेडात उघडा आणि कोपरे स्वतः तपासून पाहा. तपासताना मूल समोर नसावे.