जिनिंगवरचं पांढरं आभाळ

चित्रकलेच्या तासाला मी मुलांच्या मागे एकच धोशा लावते: डोळे बारीक करा आणि मग जे उरेल तेवढंच काढा. खिडक्या, तारा, पाट्या सगळं गळून पडतं, मोठे आकार राहतात. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीची माझी चित्रं अशीच झाली. पांढरा, गडद निळा आणि विटकरी, एवढ्याच ट्यूब. निळ्यात विटकरी कालवला की टिनाच्या शेडचा करडा मिळतो. चौथी ट्यूब उघडायची नाही हा माझा हट्ट. घरचे त्याला कंजूषपणा म्हणतात, म्हणोत बापडे.

मग अकोल्याहून आईचा फोन आला. बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता आणि उरलेली नजरही हळूहळू जाणार होती. नातवंडांचे चेहरे त्यांना ओळखू येईनात, ठळक आकार मात्र अजून दिसत होते. म्हणजे मी मुद्दाम डोळे बारीक करून जे बघते, ते त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. या विचाराने मला आधी रडू आलं आणि लगेच हुरूपही आला. माझी चित्रं त्यांना दिसणार होती.

बाबांची सारी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. सरकी काढलेली रुई दाबून गठाणी बांधायच्या प्रेसवर ते होते. ते जिनिंग केव्हाच बंद पडलं, पण इमारती आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याला गेले तेव्हा मी रस्त्यापलीकडे बसून ते रंगवलं: विटकरी धुराडं, करड्या शेडची रांग, बाजूला पाण्याची टाकी. आभाळ उन्हाने पांढरंफटक पडलं होतं, ते तसंच पांढरं ठेवलं.

रंग वाळल्यावर चित्र बाबांपुढे दारातल्या उजेडात धरलं. त्यांनी मान जराशी तिरपी केली.

"हे धुराडं," ते म्हणाले. "अन् हे आपले शेड." मग शेडवरच्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. "यंदा गंजी लय मोठी लागली, बाई. शेडच्याबी वर गेली."

हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग रचतात, ती गंजी. माझ्या चित्रात ती नव्हतीच. पण बाबा इतके खूश बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते, म्हणून मी चित्र तसंच धरून ठेवलं. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली.

"गंजी कायची? आभाळ हाय थे."

आईच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे बोलताना कोणी साखर पेरत बसत नाही. बाबांनी बोट मागे घेतलं.

"मंग मले दिसूनच नाई रायलं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा काही बघायला मागितलं नाही.

मला चैन पडेना. अमरावतीला परतल्यावर त्याच कॅनव्हासवर ब्रश चालवला. आभाळ करडं करून टाकलं आणि शेडच्या पुढे पांढऱ्या रंगाची जाड गंजी रचली. नवा कॅनव्हास काढायचं मनातही आलं नाही. चूक दिसली की ती खोडायची, ही मास्तरकीची खोड. मग शाळा सुरू झाली आणि अकोल्याला जाणं दिवाळीपर्यंत लांबलं. ते लांबलं नसतं तर, हे आता म्हणून काय उपयोग.

दिवाळीत बाबांनी चित्र मांडीवर घेतलं. मान तिरपी करून पाहिली, वाकून पाहिलं, पण आता डोळ्यांना ठळक आकारही सापडत नव्हते. मी त्यांचं बोट धरून गंजीवर नेलं.

"पाहा, आता खरीच गंजी काढली."

"असन," ते म्हणाले. थोडा वेळ बोट तिथेच होतं. "पयलं कुठी हाय? थे मले दिसलं होतं."

"याच्याच खाली हाय, बाबा."

त्यांनी नखाने गंजी हळूच खरवडून पाहिली.