हात लावायच्या आधी

प्रसूतिगृहातल्या थोरल्या सिस्टरांना सगळे मागून 'आगाऊ सूचना' म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी आधी सांगितल्याशिवाय एकाही बाळंतिणीला हात लावला नव्हता. "आता पोट बघते हं बाई. हात गार आहे." मग थांबायचं, तिने मान हलवली की हात टेकवायचा. डॉक्टर कितीही घाईत असोत, सिस्टरांची टकळी चालूच. एकदा तर रिकाम्या खाटेलाही "चादर बदलते हं" म्हणाल्या. नव्या नर्स आठवडाभर हसत होत्या.

त्याच खाटेवर एके दिवशी पुलाच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनिअरची बायको येऊन बसली. सातवा महिना. तिला फक्त स्पॅनिश येई. सिस्टर सवयीने बोलल्या, तिला ओ की ठो कळलं नाही, तिने नुसतीच मान हलवली, आणि हात लागताच ती खाटेचा दांडा धरून थरथरायलाच लागली. नवऱ्याने मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, की पहिल्या बाळंतपणात तिच्याशी कोणी अवाक्षर बोललं नव्हतं. सगळं भराभर केलं, बाळ उचलून नेलं. ते गेलं, हेही तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

या बाईला मुक्याने हात लावायचा? छे, ते सिस्टरांच्याने होणार नव्हतं.

मोबाईल भाषांतर करतो हे त्यांनाही ठाऊक होतं. पण हातमोजे चढवल्यावर मोबाईल धरायचा कोणी? त्यांची सून हॉटेलात परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला बसे, तिला स्पॅनिश येत होतं. सिस्टर वही घेऊन तिच्यासमोर बसल्या.

"आई, कोर्स सहा महिन्यांचा असतो."

"मला दोनच आहेत गं. वर्तमानकाळ तेवढा दे. बघते, पुसते, थांबते. भूतकाळ तिच्याकडे आहे तेवढा पुरे झाला."

सुनेने लिहून दिलं. मीरो, बघते. तोको, हात लावते. सिस्टर चष्मा सावरत वहीकडे बघत राहिल्या. "अगं, यात 'मी' कुठे गेली?"

"शेवटच्या 'ओ'त. वेगळी म्हणावी लागत नाही. आणि बाई असो की बाप्या, बघतो-बघते नाही, दोघांचंही 'मीरो'च."

"अगंबाई!" सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढ्याशा 'ओ'त अख्खा माणूस मावतो, आणि कुठली कोण माणसं तो रोज सहज बोलून जातात! त्यांना इतका अचंबा वाटला, की चहा समोर निवून गेला.

मग घरात उच्छाद. 'आब्रो' म्हणत दार उघडायचं, 'लावो' म्हणत भांडी घासायची. "निवृत्तीला सहा महिने उरले, आता हे काय खूळ?" नवरा म्हणाला. वॉर्डात तर इथल्याच एका बाळंतिणीला त्या चुकून "तोको" म्हणाल्या. तिनेही निमूट मान हलवली.

अखेर एका दुपारी ती परदेशी बाई कळा देत आली. नवरा अजून पुलावरून निघत होता. सिस्टरांनी हातमोजे चढवले. "मीरो," त्या म्हणाल्या. तिने डोळे उघडले. "तोको." सिस्टर थांबल्या. तिने मान हलवली. हात टेकला, ती आक्रसली नाही. तीन तास हे असंच चाललं.

मुलगी झाली. रडली नाही.

बाळाला टेबलावर नेलं तशी आई पांढरीफटक पडली, कोपरावर उठू लागली. पुढे काय होईल हे सिस्टरांना कुठल्याच भाषेत सांगता येत नव्हतं. आपण काय करतोय, एवढंच सांगता येत होतं. तेच त्या खणखणीत सांगू लागल्या, आईला आणि त्या निपचित जिवालाही. "लिंपियो." नाक-तोंड पुसलं. "फ्रोतो." पाठ चोळली. डॉक्टरांनी ऑक्सिजनची नळी ओढली. "एस्कूचो." ठोके ऐकले. "फ्रोतो." सिस्टरांचा आवाज थांबला नाही. "फ्रोतो."

आणि पोरीने टाहो फोडला.

गुंडाळून तिला आईच्या कुशीत दिलं. आईने हात उचलला, पण गालापासून चार बोटांवर तो थांबला. "तोको," ती बाळाला हळूच म्हणाली, आणि वाट बघत राहिली.

सिस्टर भिंतीला टेकल्या. एकतीस वर्षं आपण काय करत आलो, ते त्यांना आज पहिल्यांदा समोर दिसत होतं.

बाळाने मान हलवली. मग आईने हात टेकवला.